शरदांतील नवेगांवबांध

आश्विन-कार्तिकाचे दिवस आले म्हणजे घरोघरीं एक गोड वाद सुरू होतो. मुलांना सुटी असते, वडील माणसांना थोडी उसंत असते, आणि आकाश असें निवळलेलें असतें कीं घरांत बसवत नाहीं. मग कोठें जावयाचें, कसें जावयाचें, बरोबर काय घ्यावयाचें, याची बोलणीं निघतात. कुटुंबानें मिळून सहलीस निघण्याची ही रीत आगगाडीनें आणि मोटारीनें आणली, अशी आपली समजूत असते. परंतु महाराष्ट्राच्या अगदीं पूर्व टोंकाला, जेथें आपली मराठी छत्तीसगडी आणि गोंडी यांच्या शेजारीं नांदते, तेथें ही रीत फार जुनी आहे; आणि तिचा इतिहास पाहिला म्हणजे सहलीविषयींची आपली कल्पनाच थोडी बदलते. तो इतिहास आज मी आपणांस सांगणार आहें.

गोंदिया जिल्हा नांवानें नवा आहे. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि तो अस्तित्वांत आला. पण त्या भूमीचें एक जुनें नांव आहे, तें म्हणजे झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील रानांनीं वेढलेला, धान पिकविणारा मुलूख या नांवांत येतो. वऱ्हाडांतील माणूस जसा कापसावर जगतो, तसा झाडींतील माणूस धानावर जगतो. आणि धान जगतें तें तळ्यांवर. या झाडींत, गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेस, अर्जुनी मोरगांव तालुक्यांत नवेगांवबांध वसलेलें आहे. गांव म्हणावें तर मोठें, शहर म्हणावें तर लहान. त्याचा सारा इतिहास त्याच्या नांवांतच आहे : नवें गांव आणि त्याचा बांध. बांध नसता तर या गांवाचें नांव आज कोणी घेतलें नसतें.

प्रथम तेथील शरद ऋतूची ओळख करून घेऊं. कालिदासानें ऋतुसंहारांत शरदाला नववधूची उपमा दिली आहे. झाडींतील शेतकऱ्याला या दिवसांत वधूपेक्षां बाळंतपणास आलेली लेकच अधिक आठवते. आषाढ-श्रावणांत चिखलांत उभें राहून रोवणी झालेली असते. हलकें धान, म्हणजे लवकर येणारें वाण, आतां पिवळें पडूं लागतें. भारी धान मात्र अजून पोटरींत असतें, दाण्यांत दूध भरावयाचें असतें. अशा वेळीं बांधींतलें पाणी आटलें तर चार महिन्यांची मेहनत पोंचट होते. हस्त नक्षत्राचा पाऊस पडला तर देव पावला. तो चुकला तर तळें उघडावें लागतें. तेव्हां शेतांत हातानें करावयाचें काम थोडें आणि मनाला काळजी पुष्कळ, असे हे दिवस. कामाची उसंत आणि पिकाची काळजी या दोन गोष्टी माणसाला एकाच दिशेस, तळ्याकडे, घेऊन जात. झाडींतील शरदाच्या सहलीचें मूळ येथें आहे.

हीं तळीं कोणीं बांधलीं ? गोंड राजांच्या काळापासून या कामांत कोहळी लोकांचें नांव घेतलें जातें. कोहळ्यांची परंपरागत कथा अशी कीं, एक गोंड राजा काशीस गेला असतां तेथील लोकांचें पाणी अडविण्याचें कसब पाहून त्यानें त्यांना आपल्या राज्यांत आणलें. कथेंत इतिहास किती हा प्रश्न वेगळा. पण कोहळी हे तळीं बांधण्यांत आणि ऊंस लावण्यांत निष्णात होते, ही गोष्ट रसेल आणि हिरालाल यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांताच्या जातिजमातींच्या ग्रंथांतही नोंदलेली आहे. चांद्याच्या गोंड राज्यांत जो तळें बांधील त्याला त्या तळ्याखालची जमीन द्यावयाची, अशी चाल होती. त्या देणगीला तुकूम म्हणत. राजानें पैसा द्यावयाचा नाहीं, जमीन द्यावयाची. आणि तीहि पाणी आणल्यावर. यामुळें तळें बांधणाऱ्याचें पोट त्या तळ्याशीं पिढ्यान्पिढ्या बांधलें जाई. तळें टिकलें तर जमीन पिकेल, इतका सरळ तो हिशेब होता.

नवेगांवचें तळें याच परंपरेंतील. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें तें बांधलें, असें मानतात. चहूंकडे डोंगर आहेत. डोंगरांमधल्या खिंडी मातीच्या पाळीनें बंद केल्या आणि पावसाचें पाणी आंत कोंडलें. ऐकावयास हें सोपें वाटतें. पण दुर्बिण नाहीं, नकाशा नाहीं, चुना-सिमेंट नाहीं. पाणी कोठून येतें, कोठें दाटतें, कोणत्या बाजूला लोटेल, हें पावसाळ्यांत रानांत फिरून डोळ्यांनींच ठरवावयाचें होतें. इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत या तळ्याचा घेर १७ मैल आणि विस्तार सुमारें ५ चौरस मैल दिला आहे. भोंवतालच्या सात शिखरांना लोक सात बहिणी म्हणतात. आणि कोलू पाटील ? त्याला लोकांनीं देव केलें. कोलासुर या नांवानें तळ्याच्या कांठच्या डोंगरावर त्याची पूजा होते. राजांचे पुतळे पुष्कळ असतात. पण पाणी अडविणाऱ्या एका पाटलाचा देव व्हावा, यावरून त्या मुलखाला कशाची किंमत होती हें कळतें.

नवेगांवचें तळें हें मोठें भावंड. त्याच्या पाठीं शेंकडों लहान भावंडें आहेत. गांवागांवाला एक तळें, आणि शेतकऱ्याच्या शेतावर जमेल तर एक बोडी, म्हणजे लहानसें खाजगी तळें. तळ्याच्या मातीच्या बांधाला पाळ म्हणतात. जादा पाणी वाहून जाण्यास एका बाजूस वाट ठेवलेली असते, ती सलंग. आणि शेतांना पाणी सोडण्याचें दार म्हणजे तुडूम. पाळ, सलंग आणि तुडूम, हीं तीन ठीक असलीं तर तळें ठीक. या तिहींवर नजर ठेवणें हें वर्षभराचें काम होतें. पण त्यांची खरी परीक्षा पावसाळा सरतां सरतां, म्हणजे शरदांतच होई. पाणी कांठोकांठ भरलेलें, माती भिजून मऊ झालेली, खेकड्यांनीं आणि उंदरांनीं पाळींत घरें केलेलीं. हें लक्षांत ठेवून आतां आपण त्या दिवसांतील सणांकडे वळूं.

दसऱ्याला सीमोल्लंघन असतें. आपण शहरांत तें आपट्याच्या पानांवर भागवितों. झाडींत तें खरोखरच गांवाच्या शिवेवर जाऊन होई. दिवाळींत बलिप्रतिपदेला गायगोधन असतें. शिंगें रंगविलेल्या, गळ्यांत माळा घातलेल्या गाई घेऊन गोवारी वाजतगाजत येतात, नाचतात, गाणीं म्हणतात, आणि सारें गांव गोठणावर लोटतें. वर्षभर ज्यानें गुरें राखलीं त्या गोवाऱ्याचा तो मानाचा दिवस. भाऊबीज झाली कीं मग मंडई सुरू होते.

मंडई या शब्दानें पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना भाजीबाजार आठवेल. झाडींतील मंडई वेगळी. ती गांवाची जत्राच. पण कोणा देवस्थानाचीच असावयास पाहिजे असें नाहीं. भाऊबीजेनंतर आज या गांवची, उद्यां त्या गांवची, असा क्रम लागतो. दोन शेजारच्या गांवांच्या मंडया शक्यतों एका दिवशीं येऊं नयेत, म्हणजे पाहुण्यांना दोन्हींकडे जातां येतें. छकडे आणि रेंग्या जुंपल्या जातात. आंत गवताची गादी, तिच्यावर घोंगडें, मध्यें म्हातारी आजी, तिच्या भोंवतीं नातवंडें, आणि मागें फराळाचा डबा. सासरीं गेलेल्या लेकी माहेरीं येतात, आणि माहेरची माणसें लेकीच्या गांवची मंडई पाहावयास जातात. वाटेंत हलक्या धानाची कापणी दिसते, भारी धानाच्या लोंब्या वाकलेल्या दिसतात. उभ्या धानांत लाखोळी फेंकून पेरण्याचेही हेच दिवस. बोडींत ढिवर लोक शिंगाडे काढीत असतात. अधूनमधून धानाच्या बांधींत सारसांची एखादी जोडी, बरोबर पिलूं घेऊन, संथपणें चालतांना दिसते. महाराष्ट्रांत सारस आज प्रामुख्यानें गोंदिया जिल्ह्यांतच उरला आहे, आणि तोहि मोजका. त्याचें घरटें तळ्याच्या कांठीं किंवा धानांत असतें, म्हणून त्याचें नशीबही तळ्याशींच बांधलेलें आहे.

मंडईच्या दिवशीं दुपारीं बाजार भरतो आणि रात्रीं दंडार, खडी गंमत किंवा नाटक होतें. झाडीपट्टीची रंगभूमि म्हणून जिची आज ख्याति आहे, तिचा हंगाम या मंडयांपासूनच सुरू होतो. परंतु वडील माणसें केवळ नाटकासाठीं जात नसत. कोणाकडे मुलगा लग्नाचा झाला, कोणाची मुलगी शहाणी आहे, हें तेथें पाहिलें जाई आणि सोयरिकी जुळत. आणि सोयरीक करतांना एक गोष्ट हमखास विचारली जाई : त्यांच्या शेताला पाणी कोणत्या तळ्याचें ? मुलगी द्यावयाची तर तिच्या ताटांत भात कोठून येणार, हें पाहण्यांत गैर तें काय ? पाहुणे सकाळीं उठून यजमानाबरोबर पाळीवर फेरी मारून येत. ती फेरी हवा खाण्याची खरी, पण डोळे मात्र तुडुमाकडे आणि पाण्याच्या पातळीकडे असत. जपानांत शरद आला कीं कुटुंबें मेपलचीं तांबडीं पानें पाहण्यास डोंगरांत जातात. युरोपांत द्राक्षांच्या तोडणीच्या सुमारास गांवोगांव उत्सव होतात. झाडींतील कुटुंबें आपल्या आणि आपल्या आप्तांच्या घरचें पाणी पाहावयास जात.

कार्तिक शुद्ध नवमीपासून आवळीभोजनाचे दिवस येतात. या नवमीला कूष्मांडनवमी म्हणतात. त्या दिवशीं कोहळा दान करतात. पौर्णिमेपर्यंत सोयीचा एखादा दिवस पाहून घरचीं सारीं माणसें रानांत किंवा मळ्यांत आवळीच्या झाडाखालीं जातात, झाडाची पूजा करतात आणि तेथेंच पंगत मांडतात. ही चाल साऱ्या महाराष्ट्राची आहे. झाडींत रानच दाराशीं असल्यामुळें तिला विशेष शोभा येते. तीन दगडांची चूल, पळसाच्या पानांच्या पत्रावळी, नव्या तांदुळाचा भात, वरण, खीर. आणि जेवणानंतर झाडाखालीं पडलेले आवळे वेंचण्याची मुलांची धांदल. स्वयंपाकघराच्या चार भिंतींतून बायका वर्षांतून ज्या थोड्या दिवशीं बाहेर पडत, त्यांतला हा एक.

येथें मी माझ्या लहानपणची एक गोष्ट सांगतों. मालगुजारी जाऊन चार-पांच वर्षें झालीं असतील. आमचें गांव झाडींतलेंच, आणि आमची आवळी गांवच्या तळ्याच्या पाळीखालीं होती. आजी चुलीपाशीं बसली कीं आजोबा आम्हां मुलांना घेऊन पाळीवर चढत. हातांत काठी. दर दहा पावलांवर थांबून ते गवत बाजूला करीत आणि बीळ दिसलें कीं काठी आंत घालून खोली पाहत. मग आमच्यापैकीं एकानें खालच्या बांधींतून ओल्या चिकणमातीचा गोळा आणावयाचा आणि दुसऱ्यानें तो बिळांत ठांसून पायानें दाबावयाचा. आम्हांला तो खेळ वाटे. एका वर्षीं भूक लागली म्हणून मी कुरकुर केली, तेव्हां ते म्हणाले, "बाबू, ज्या पाळीवर जेवतो तिचं भाडं द्या लागते." आजोबा कांहीं मालगुजार नव्हते, चार बांध्या कसणारे साधे कास्तकार होते. आमच्यासारखींच दुसरीं घरेंही त्या आठवड्यांत आपापल्या झाडाखालीं जेवीत, आणि त्यांचीहि म्हातारीं माणसें तशीच काठी घेऊन फिरत. कोणी त्याला काम म्हटलें नाहीं. त्याची मजुरी नव्हती, नोंद नव्हती. पण आठवडाभरांत साऱ्या पाळीवरून माणसांचे डोळे आणि पाय फिरून जात.

या रीतीचें कौतुक करतांना जुन्या व्यवस्थेवर सोनेरी मुलामा चढविणें मात्र योग्य होणार नाहीं. नागपूरचें भोंसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें. त्यानंतर १८६० च्या पुढील दशकांत इंग्रजांनीं जमाबंदी करून गांवोगांवच्या मालगुजारांना गांवाची मालकी दिली, आणि गांवाबरोबर तळेंही त्यांचें झालें. गांवच्या वहिवाटी 'वाजिब-उल-अर्ज' या दप्तरांत लिहिल्या जात. पाण्याचा हक्क, गुरांचें पाणी, मासेमारी, दुरुस्ती या गोष्टी वहिवाटीनें चालत. चांगल्या मालगुजारानें तळें राखलें, हें खरें. पण पाळीवर माती टाकण्यासाठीं वेठीस धरलेली माणसेंही त्याच गांवचीं होतीं. गोंड आणि ढिवर यांच्या पाठीवरून वाहिलेली माती त्या पाळींत आहे. कोलू पाटलाचें नांव राहिलें; टोपली वाहणाऱ्यांचीं नांवें राहिलीं नाहींत. पंगतींतही सर्वांना एक जागा नव्हती. तेव्हां जुनें सारें परत यावें असें कोणी म्हणणार नाहीं, आणि मी तर नाहींच नाहीं.

मालगुजारी मोडली हें न्यायाचेंच झालें. मध्यप्रदेशाचा मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा १९५० सालचा. तो ३१ मार्च १९५१ पासून अमलांत आला. भंडारा जिल्हा त्या वेळीं मध्यप्रदेशांत होता. १९५६ सालीं तो द्वैभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. कायद्यानें गांवांबरोबर तळींही सरकारच्या मालकीचीं झालीं. तीं आज माजी मालगुजारी तलाव, किंवा थोडक्यांत मामा तलाव, म्हणून ओळखलीं जातात; एकट्या गोंदिया जिल्ह्यांत त्यांची संख्या १,४०० च्या वर आहे. मालक बदलला, परंतु तळें राखावयाचें कोणीं, हा प्रश्न कायद्यानें सुटला नाहीं. मालगुजार म्हणाला, तळें आतां माझें नाहीं. गांव म्हणालें, तें सरकारचें आहे. आणि सरकार म्हणजे दूरच्या गांवचें एक कार्यालय, जेथें शेंकडों तळ्यांच्या कागदांत आमच्या तळ्याचा एक कागद.

माझ्या गांवचें काय झालें तें सांगतों. आजोबा गेले. पुढच्या पिढीला सुटींत शहराकडे जाण्याची ओढ होती. आवळीभोजन घरच्या अंगणांत, कुंडींतल्या फांदीखालीं होऊं लागलें. पाळीवर बेशरमाचीं झुडपें माजलीं. बिळें त्यांच्याआड गेलीं. कोणींतरी तुडूम गळतें म्हणून अर्ज केला होता. अर्जाला उत्तर येण्याच्या आधीं हस्ताचा पाऊस आला. तो कांहीं विलक्षण मोठा नव्हता. त्याहून मोठे पाऊस त्या पाळीनें पाहिले होते. रात्रीं पाळीला भगदाड पडलें आणि सकाळपर्यंत तळें रिकामें झालें. खालचें हलकें धान गाळाखालीं गेलें, वरचें भारी धान पुढें पाण्यावांचून वाळलें. एकाच तळ्यानें एकाच वर्षीं कोणाला बुडविलें आणि कोणाला तहानेनें मारलें. त्या वर्षीं आमच्या गांवीं मंडई भरली नाहीं. दोष कोणाचा, हें ठरविण्यास पुष्कळ कागद लागले. मला त्या कागदांहून आजोबांची काठी आठवते. ज्या भोंकांतून तळें गेलें, तें आरंभीं मुलाच्या मुठींतल्या मातीनें बुजलें असतें.

इकडे नवेगांवबांधची प्रसिद्धी वाढत होती. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या वर्षांत गोंदियाहून नागभीडकडे अडीच फुटी अरुंद रूळ पडले. जवळच्या देवलगांव स्टेशनामुळें गोंदियाच्या व्यापाऱ्यांना आणि बंगाल-नागपूर रेल्वेच्या बाबूंना हें तळें आवाक्यांत आलें. १९९० नंतर त्या मार्गाचे रूळही रुंद झाले. १९७० सालीं नागझिरा अभयारण्य झालें. १९७५ सालीं नवेगांवचें सुमारें १३४ चौरस किलोमीटर रान राष्ट्रीय उद्यान झालें. आणि २०१३ सालीं नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. २०२५ सालीं दिवंगत झालेले अरण्याचे लेखक मारुती चितमपल्ली यांनीं वनाधिकारी म्हणून येथें कित्येक वर्षें काढलीं, आणि त्यांच्या लेखनानें हें तळें महाराष्ट्राच्या घरोघरीं पोंचलें. हिंवाळ्याच्या तोंडाशीं उत्तरेकडून येणारीं बदकें आणि चक्रवाक पाहावयास आतां दुरून माणसें येतात. जवळच प्रतापगडचा गोंडांचा किल्ला आहे. तेथें एकाच डोंगरावर महादेवाची यात्रा भरते आणि दर्ग्यावर चादरही चढते. गाढवी नदीवरचें इटियाडोह धरण आहे. गोठणगांवाजवळ १९७२ सालीं वसलेली तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. दोन दिवसांची सहल सुखानें व्हावी इतकें तेथें पाहण्यासारखें आहे. वन राखलें गेलें, पक्षी राखले गेले, कित्येकांना रोजगार मिळाला. हा लाभ लहान नाहीं.

परंतु एक फरक पडला. पूर्वी माणूस पाळीवर जाई तो त्या पाण्याचा वांटेकरी म्हणून. आतां जातो तो पाहुणा म्हणून. पाहुण्याला तळ्याचें पाणी निळें दिसतें, डोंगरांचें प्रतिबिंब दिसतें. पाळींतलें बीळ त्याला दिसत नाहीं, आणि दिसलें तरी तें त्याचें नसतें. सहल राहिली, पाहणी गेली. आपल्या जुन्या सणांत मौज आणि देखरेख हीं एकाच गाडींत बसून जात. आपण मौज उतरवून घेतली आणि देखरेखीला कार्यालयांत पाठवून दिलें.

तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. अलीकडे याच अर्जुनी मोरगांव तालुक्यांत ढिवर समाजाच्या स्त्रियांनीं गट करून कांहीं तळ्यांचें काम हातीं घेतलें आहे. ज्यांच्या नवऱ्यांचें आणि मुलांचें पोट मासळीवर, त्यांना तळ्याचें दुखणें आधीं कळलें. त्यांनीं बेशरम मुळासकट उपटला, तळाची जमीन नांगरली आणि मासळीला व पांखरांना लागणाऱ्या देशी पाणवनस्पती लावल्या. मासळी वाढली, आणि पांखरेंही परत येऊं लागलीं. यांत मला इतिहासाचा एक न्याय दिसतो. ज्यांच्या आज्यांनीं टोपल्या वाहिल्या आणि ज्यांचें नांव कोणी लिहिलें नाहीं, त्यांच्याच नाती आज, कोणाच्या वेठीला न जातां, आपल्या हक्कानें पाळीवर उभ्या आहेत. जुन्या रीतींतलें जें राखण्यासारखें होतें तें त्यांनीं उचललें, आणि टाकण्यासारखें टाकलें.

तेव्हां श्रोतेहो, यंदाच्या शरदांत सहलीचा विचार कराल तर नवेगांवबांधला जरूर जा. सकाळीं लौकर पाळीवर उभे राहा. सात बहिणींच्या अंगावर कोंवळें ऊन येईल तें पाहा. कोलासुराला हात जोडा. पण तेवढ्यावर परतूं नका. भोंवतालच्या एखाद्या खेड्यांत जा, मंडई असेल तर दोन घटका थांबा, आणि तेथल्या तळ्याविषयीं विचारा : यंदा सलंगेवरून पाणी गेलें का ? तुडूम गळतें का ? गाळ केव्हां काढला होता ? मासळी कोणाची ? प्रश्न ऐकून लोक प्रथम तुमच्याकडे नवलानें पाहतील. मग कोणीतरी वृद्ध मनुष्य उठेल आणि म्हणेल, चला, दाखवतो. त्याच्यामागून जा, आणि मुलांनाही बरोबर घ्या. त्यांच्या पायांना थोडी चिकणमाती लागली तरी रागावूं नका.